भाड्याचा हार्वेस्टर आला म्हणून भातजमीन सुटत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्यातला दावा असा: भातशेतीत भाड्याची यंत्रं आली की लहान शेतकऱ्याची गरज संपते, तो जमीन खंडाने देऊन टाकतो, यंत्रवाले मोठे शेतकरी ती घेतात, म्हणून लहान शेतकऱ्याच्या हितासाठी ही यंत्रंच नकोत. लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे. जमीन हातची जाण्याची भीती मलाही वाटते. म्हणूनच हा दावा तसाच पुढे जाऊ द्यावासा वाटत नाही.

पहिला मुद्दा, "गरज संपते". माणूस जमीन खंडाने देतो तो बहुतेक वेळा घरातले हात कमी पडतात म्हणून. मुलं नोकरीला बाहेर गेलेली, घरात दोघं म्हातारी, आणि लावणीला गावभर एकाच आठवड्यात मजूर लागतात. अशा घरापुढे दोनच वाटा असतात: जमीन पड टाकायची किंवा दुसऱ्याला कसायला द्यायची. भाड्याचं यंत्र तिसरी वाट देतं. चिखलणी, कापणी, मळणी पैसे देऊन करून घ्यायची आणि पीक आपलंच ठेवायचं. जपानमध्ये नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी भात पिकवणारी लाखो घरं अशीच टिकली. काहींनी छोटी यंत्रं विकत घेतली, काहींनी कामं दुसऱ्याकडून करून घेतली, पण वडिलांची भातखाचरं सोडली नाहीत. उलट तिथल्या जमीन एकत्र करू पाहणाऱ्यांची तक्रार हीच होती की यंत्रांमुळे लहान मालक जमीन सोडतच नव्हते!

"मोठे शेतकरी जमीन घेतात" हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. ज्याला जास्त कसायचं आहे त्याला भाड्याचं यंत्र बळ देतंच. पण ते बळ फक्त मोठ्याला मिळतं हे कशावरून? हार्वेस्टर, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, विकत घ्यावा लागला तर तो मोठाच घेईल. भाड्याने मिळाला तर शेजारच्या म्हातारीचं खाचर खंडाने करायला लहान शेतकरीही धजतो. बांगलादेशात 1988च्या पुरानंतर बैलांची टंचाई झाली, सरकारने पॉवर टिलरच्या (मागून चालत चालवायच्या छोट्या नांगरणीयंत्राच्या) आयातीवरचे निर्बंध सैल केले, आणि आज तिथली बहुतेक नांगरट टिलरने होते. टिलर मात्र थोड्यांकडेच आहेत, बाकीचे भाड्याने करून घेतात. शेतं तरी लहानच राहिली.

शिवाय यंत्रवाल्याला जमीन हवीच असते असंही नाही. चीनमध्ये 1990च्या दशकापासून हार्वेस्टरचे ताफे पीक जसजसं पिकत जाईल तसतसे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जातात. सुरुवात गव्हापासून झाली, नंतर भातही आला. 2004पासून सरकारने यंत्रखरेदीला अनुदान दिलं. हंगामभर फिरणाऱ्या अशा चालकाला कापणीची मजुरी हवी असते. पाऊस, कीड, पडलेला भाव यांची जोखीम त्याने का घ्यावी?

आता त्या मजकुरात एका शब्दानेही न आलेली गोष्ट, म्हणजे भाताच्या कामांतला फरक. भाताची सगळी कामं सारख्या सोयीने भाड्याने मिळत नाहीत. कापणीचं यंत्र मिळतं, पण लावणीच्या यंत्राला ट्रेमध्ये वाढवलेली चटईसारखी रोपं लागतात, सपाट चिखल लागतो, वर पाण्याचा पातळ थर लागतो. थोडं पाणी जास्त झालं की रोपं तरंगतात. आणि रात्री बांध फुटला तर तो बघायला माणूसच जावा लागतो. भाड्याच्या यंत्रांनी जमीन घरात राहील की खंडाने जाईल, हे नेमकं इथे ठरतं. फक्त कापणी भाड्याने होत असेल आणि लावणी-पाणी बघायला कोणी नसेल, तर ते घर शेवटी जमीन देतंच.

जमिनीच्या कागदांचंही तसंच. दिलेली जमीन परत मिळेल याची खात्री नसेल, तर माणूस खंडाने देण्यापेक्षा यंत्र बोलावून स्वतःच्या नावावर शेती चालू ठेवतो. चीनमध्ये जमिनीवरचा कुटुंबाचा हक्क आणि ती कसण्याचा हक्क वेगळे करणारी कायद्यातली दुरुस्ती 2018मध्ये झाली, म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला दिली तरी कुटुंबाचा हक्क राहतो. पण तिथेही अनेक घरं जमीन खंडाने न देता सगळी कामं सेवा देणाऱ्यांकडे सोपवतात आणि पीक स्वतःचं ठेवतात. तिथल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत: कुठे यंत्रसेवेने खंडाचे व्यवहार वाढले, कुठे थांबले.

शेवटची मागणी, "ही यंत्रंच नकोत". ही मान्य झाली तर पहिला फटका लहानालाच बसेल, कारण मोठा स्वतःचं यंत्र घेईल. लहान शेतकऱ्याचं खरं दुखणं वेगळं आहे: त्याची पाळी शेवटी येते. चेनचा (चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा) हार्वेस्टर चिंचोळ्या खाचरात शिरतो, दोन फेऱ्यांत बांध येतो, वळायला जागा नसते, कोपऱ्यातलं भात विळ्यानेच कापावं लागतं. तेवढ्या वेळात मोठ्या शेतात दुप्पट काम होतं, म्हणून चालक आधी तिकडे जातो. इकडे पिकलेलं भात लोळतं, दाणे झडतात. सलग दोन हंगाम असं झालं की तिसऱ्या वर्षी तो माणूस जमीन खंडाने देतो. लढायचं असेल तर या पाळीसाठी लढा. लागून असलेल्या चार-पाच खाचरवाल्यांनी लवकर पिकणारं एकच वाण लावावं, कापणीची तारीख एकत्र सांगावी, यंत्र जायला बांधाचा एक तुकडा मोकळा ठेवावा. चालकाला सलग दिवसभराचं काम दिसलं की तो त्यांच्याकडेही आधी येईल.