पासष्ट जागांची अट

बारावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात पेशंटइतकेच पालक येतात. मी एमबीबीएस किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधून केलं. त्यामुळे लातूर-नांदेडकडचे आईवडील विचारतात, "पोराला किर्गिझस्तानला पाठवू का?" मे २०२४ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला होता, तेव्हा काळजी रास्तच आहे. फी, भाषा, थंडी, परत आल्यावरची परीक्षा, सगळं मी मनापासून सांगतो. पण गेल्या आठवड्यात एक गृहस्थ म्हणाले, "आता तिकडे खमका राष्ट्राध्यक्ष आलाय म्हणे. बरं झालं, रोजची आंदोलनं थांबली." बाहेर रांग होती, म्हणून बोलता आलं नाही. इथे बोलतो.

या देशाने २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अकायेवना आणि २०१० मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष बाकियेवना पळवून लावलं. ७ एप्रिल २०१० ला राजधानीत गोळीबार झाला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. जूनमध्ये दक्षिणेतल्या ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक समाजांत दंगल पेटली, चारशेहून अधिक मेले, त्यात बहुसंख्य उझबेक. आणि त्याच महिन्यात, २७ जूनला, लोकांनी नव्या राज्यघटनेवर मतदान केलं.

ती घटना मला आजही थोर वाटते. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत. संसदेच्या १२० जागांपैकी कोणत्याही एका पक्षाला ६५ पेक्षा जास्त मिळणार नाहीत, मतं कितीही पडोत. अर्थसंकल्पाच्या समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे, पोलीस आणि कायदा-सुव्यवस्थेच्या समितीचंही. दोनदा पोळलेल्या माणसांनी लिहिलेली घटना आहे ही, प्रत्येक कलमात चटका दिसतो. हंगामी राष्ट्राध्यक्ष रोझा ओतुनबायेवा यांनी २०११ मध्ये ठरल्याप्रमाणे खुर्ची सोडली. मध्य आशियात तोवर असं कुणी केलं नव्हतं.

मी पोहोचलो २०१५ मध्ये. आमची घरमालकीण शाळेत शिक्षिका होती. तिकडे वडील बहिणीला 'एजे' म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. त्या ऑक्टोबरात बोटांचे ठसे घेऊन आणि मतमोजणीची यंत्रं लावून निवडणूक झाली. एजे ड्युटीवरून अंधार पडल्यावर लगेच परतल्या आणि बोरसोक, म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांची फुगलेली बहीण, तळायला बसल्या. पूर्वी रात्रभर हाताने मोजणी आणि भांडणं चालायची, म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना आपल्या देशाचा किती अभिमान वाटला होता!

मग २०२० चा जुलै. कोविडने दवाखाने भरले, ऑक्सिजन पोहोचवत होते ते बहुतांशी स्वयंसेवक. त्याच गांजलेल्या लोकांची मतं ऑक्टोबरातल्या निवडणुकीत पैसे देऊन विकत घेतली गेली. सोळा पक्षांपैकी चारच संसदेत गेले. ५ तारखेला राजधानीतला चौक निदर्शकांनी भरला, रात्री 'बेली दोम', म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आणि संसद असलेली इमारत, लोकांच्या ताब्यात. २००५ सारखी लूट होऊ नये म्हणून साधी पोरं रात्रभर दुकानांसमोर उभी राहिली. निकाल रद्द झाला. पण तुरुंगातून सुटलेले सादिर जापारोव, म्हणजे त्या गृहस्थांचा 'खमका राष्ट्राध्यक्ष', दहाएक दिवसांत पंतप्रधानही झाले आणि हंगामी राष्ट्राध्यक्षही. त्यांच्या मागेही खरी माणसं होती, खेड्यांतली, रशियात मजुरी करणारी, हे नाकारणार नाही. एप्रिल २०२१ च्या सार्वमताने नवी घटना आणली. राष्ट्राध्यक्षाला पुन्हा दोन मुदती, सरकारही त्याच्याच हाताखाली, संसद ९० जणांची. मतदान चाळीस टक्क्यांच्याही खाली!

संसदीय पद्धतीने काम नीट चाललं नव्हतं, हे खरं आहे. आघाड्या मोडायच्या, पंतप्रधान बदलायचे, खासदारकी विकली जायची. पण रोग मतांच्या बाजाराचा होता. औषध म्हणून सत्तेवरची बंधनं काढली, तो बाजार भरवणाऱ्यांना काय झालं? डॉक्टर म्हणून सांगतो, हा चुकीचा उपचार आहे.

म्हणून 'आंदोलनं थांबली' हे ऐकून मला बरं वाटत नाही. तरुणांना पत्रकारिता शिकवणारी 'क्लूप' ही संस्था २०२४ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बंद झाली. भ्रष्टाचाराचे तपास करणाऱ्या 'तेमिरोव लाइव्ह' या यूट्यूब वाहिनीच्या महाबत ताजिबेक किझी यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

एजेंना अजून फोन करतो. राजकारणाचा विषय काढला की हल्ली त्या थंडीबद्दल विचारतात, आईच्या गुडघ्याबद्दल विचारतात. पूर्वी याच विषयावर त्यांना थांबवावं लागायचं, चहा गार व्हायचा.