‘व्हायरस काढलाच नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या विंडोत) ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई’ नावाच्या ढीगभर नोंदी दिसत होत्या, तो व्हायरस काढायला तुम्ही कॉम्प्युटर आणलात. आम्ही ‘काहीच न काढता’ तीनशे रुपये घेतले आणि वर एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावतात ती वेगवान डिस्क) गळ्यात मारायला बघितली, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकरोडहून सीपीयू रिक्षात घालून कॉलेज रोडपर्यंत यायचं आणि ‘फाइल बरोबर आहे’ एवढंच ऐकून परत जायचं, याचा राग येणं साहजिक आहे. पण ती फाइल मी काढली नाही, आणि उद्या पुन्हा आणलीत तरी काढणार नाही. कारण इथे सविस्तर लिहितो, कारण याच नावाला घाबरून बरेच जण दुकानात येतात.

ही फाइल विंडोजची स्वतःची आहे. वाय-फाय, अपडेट, आवाज, फायरवॉल अशा कितीतरी सेवा (मागे सतत चालणारी कामं) डीएलएल नावाच्या फाइलींमध्ये असतात. डीएलएल आपली आपण चालत नाही, तिला चालवणारा प्रोग्रॅम लागतो. तोच हा एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकाच नोंदीत बऱ्याच सेवा एकत्र असायच्या. २०१७ सालच्या विंडोज १० च्या अपडेटपासून, ३.५ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर मायक्रोसॉफ्टने त्यातल्या बहुतेक सेवा सुट्या केल्या, म्हणजे एक बंद पडली तरी बाकीच्या चालू राहाव्यात. त्यामुळे पन्नास-साठ नोंदी दिसणं हे आजारपणाचं लक्षण नाही. कोऱ्या, आजच विंडोज टाकलेल्या कॉम्प्युटरवरही त्या दिसतात. फॉरमॅट मारून दिला असता, तर घरी जाऊन तुम्हाला तीच यादी पुन्हा दिसली असती, आणि पैसे तिप्पट गेले असते.

आता ‘नुसतं बघितलं’ याबद्दल. या नावाचा आडोसा घेणारे व्हायरस खरोखर असतात, म्हणून तुमची शंका मी उडवून लावली नाही. नोट खरी की खोटी हे आपण तिच्यावरच्या आकड्यावरून ठरवत नाही. उजेडात धरून जलचिन्ह आणि तार बघतो. फाइलीचंही तसंच, नावावर जायचं नाही. मी आधी प्रत्येक नोंदीचा पत्ता पाहिला. अस्सल फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असते. (त्याच विंडोजच्या सिसवाव६४ फोल्डरमध्ये तिची ३२-बिट प्रत असते, तीही खरीच.) टेम्प, डाउनलोड्स किंवा ॲपडेटामधून चालत असती तर मला तिथेच संशय आला असता. मग स्पेलिंग, कारण ‘व्ही’ आणि ‘सी’ची अदलाबदल किंवा ‘ओ’च्या जागी शून्य पटकन डोळ्यांत भरत नाही. मग या नोंदी ‘सर्व्हिसेस डॉट ईएक्सई’नेच सुरू केल्यात ना, ते. शेवटी मायक्रोसॉफ्टच्याच सिगचेक या साधनाने डिजिटल सही, म्हणजे फाइल खरंच मायक्रोसॉफ्टची आहे याची खूण, तपासली. प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅब नाही म्हणजे फाइल बनावट, असं समजू नका. विंडोजच्या अनेक फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते, सिगचेक तीही बघतं. तुमच्याकडच्या सगळ्या नोंदी या तपासणीत खऱ्या निघाल्या.

खरी फाइल खोटी समजून काढली की काय होतं, हे यापूर्वी घडलेलं आहे. २००१ मध्ये ‘सल्फएनबीके डॉट ईएक्सई’ हा व्हायरस आहे, लगेच उडवा, अशी ईमेल जगभर फिरली. ती विंडोज ९८ ची साधी, कामाची फाइल होती. असंख्य लोकांनी ती स्वतःच्या हाताने उडवली. एप्रिल २०१० मध्ये तर एका नामांकित अँटिव्हायरसच्या अपडेटनेच विंडोज एक्सपीमधल्या खऱ्या एसव्हीसीहोस्टला व्हायरस ठरवलं. कचेऱ्या आणि इस्पितळांमधली मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली, नेटवर्क गेलं. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मला ते करायचं नव्हतं.

तीनशे रुपये तपासणीचे आहेत. दर काउंटरवर लावलेला आहे आणि मशीन ठेवून घेताना तुम्हाला सांगितलाही होता. ‘व्हायरस नाही’ हे खात्रीने सांगायलाही तेवढंच काम करावं लागतं.

एसएसडीचं म्हणाल, तर तुमचं मशीन संथ आहे ते जुन्या हार्ड डिस्कमुळे. सुरू केल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असते, आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या ‘स्मार्ट’ अहवालात खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवायच्या बिघडलेल्या जागा, दिसतायत. हे तुम्हाला न सांगता मशीन परत देणं मला पटलं नसतं. एसएसडी माझ्याकडूनच घ्या असं नाही, शहरात कुठूनही घ्या. पण त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आणि हे या आठवड्यातच करा. स्वतःकडे पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्क असेल तर दुकानात घेऊन या, कॉपी करून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.