वाटणीचे सूत्र आणि त्याआधीचा प्रश्न
कार्बन उत्सर्जनातील कपातीचा भार निरनिराळ्या प्रदेशांत न्याय्य रीतीने कसा वाटावा, याचे गेम थिअरीने, म्हणजे अनेकांचे हितसंबंध गुंतलेल्या निर्णयांच्या गणिती अभ्यासाने, दिलेले उत्तर मला पटते. मात्र ते निम्म्याच प्रश्नाचे उत्तर आहे, असे माझे मत आहे.

क, ख आणि ग असे तीन प्रदेश घ्या. तिघांनाही कपातीचे उद्दिष्ट ठरवून दिले आहे. क मधील कारखाने आधीच आधुनिक असल्यामुळे तिथे आणखी कपात करणे महाग पडते, तर ग मध्ये जुनी, कोळसाखाऊ वीजकेंद्रे असल्यामुळे तेवढीच कपात स्वस्तात होते. जिथे स्वस्त पडेल तिथे तिघांनी मिळून कपात केली, तर समजा खर्चात ६० एककांची बचत होते. क आणि ग दोघेच एकत्र आले तर ४२, क आणि ख १८, ख आणि ग अवघी ६. ही ६० एकके सारखी वाटली, तर क आणि ग यांना मिळून ४० मिळतात. ख ला वगळून ४२ मिळत असतील, तर ते त्याला सोबत घेतीलच कशाला?

गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेली रीत अशी, की प्रदेश ज्या ज्या क्रमाने गटात येऊ शकतात ते सगळे क्रम घ्यायचे, प्रत्येकाच्या येण्याने बचतीत किती भर पडते ते पाहायचे आणि सरासरी काढायची. ख पहिला आला तर भर शून्य, क च्या मागोमाग आला तर १८, ग च्या मागोमाग ६, शेवटी आला तर १८. पहिला आणि शेवटचा येण्याचे क्रम दोन-दोन असल्याने सहा क्रमांची बेरीज ६०, म्हणून सरासरीने ख ला १०. याच हिशेबाने क ला २८ आणि ग ला २२ मिळतात, आणि फुटून निघण्यात कोणाचाच फायदा राहत नाही.

खटकते ते इथेच. सर्वांत मोठा वाटा क ला, कारण त्याची कपात महाग. आणि ती महाग का, तर दीर्घकाळ कोळसा जाळून आलेल्या सुबत्तेवर त्याने कारखाने आधुनिक केले म्हणून. सूत्राला हा इतिहास दिसत नाही, आणि तो सूत्राचा दोषही नव्हे. इतिहासाचा हिशेब मूळ उद्दिष्टे ठरवतानाच व्हायला हवा. उत्सर्जन कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो करारातील ८ टक्के कपात युरोपीय संघाच्या पंधरा देशांनी १९९८ मध्ये आपसांत वाटली, तेव्हा लक्झेंबर्गने २८ टक्के कपात पत्करली आणि पोर्तुगालला २७ टक्के वाढीची मुभा मिळाली. ही घासाघीस उद्दिष्टांवरची होती. तापमानवाढीत ज्याचा जेवढा हात, तेवढा त्याच्यावर भार, असा प्रस्ताव ब्राझीलने १९९७ मध्येच ठेवला होता. करारात तो निकष आला नाही.