‘पिना गिऱ्हाईकच वाकवतं’: काउंटरवाला यांना उत्तर

नमस्कार,

ऑनलाइन मागवलेल्या मदरबोर्डात, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डात, पिना वाकलेल्या निघाल्या आणि तक्रार बावन्न दिवस रखडली, त्याबद्दल मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही ‘काउंटरवाला’ या नावाने दिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर सकाळी मलाच ते खोडावं लागलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोर्ड ऑनलाइन १६,८०० ला मिळाला, साताऱ्यात दुकानदाराने १९,९०० सांगितले होते. तुमचं म्हणणं, ३,१०० रुपये वाचवले तेव्हा सेवेची अपेक्षा कशाला धरता? परतीच्या अटी मी वाचल्या नाहीत, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही, सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिनांचा आकडाही चुकवला. आणि शेवटी: ‘काका, शंभरातल्या नव्व्याण्णव केसमध्ये पिना गिऱ्हाईकच वाकवतं आणि मग बोंबलतं. या वयात असेंबली पोरांवर सोडा.’

आकड्याचं तुमचं बरोबर आहे. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या एएम५ सॉकेटला १,७१८ पिना असतात. मी १,७०० लिहिलं, तो तिची प्रतिस्पर्धी इंटेलचा सॉकेट. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे तुमच्या लक्षात यावं.

आता ते शेवटचं वाक्य.

मी ४७ वर्षांचा आहे. तुम्ही मला काका म्हणालात याचं काही नाही, शेजारची मुलंही म्हणतात. पण तुम्ही ते ज्या जागी वापरलंत तिथे त्याचा अर्थ ‘तुमचे हात थरथरतात’ एवढाच होतो. माझे हात तुम्ही पाहिलेले नाहीत. १९९९ साली मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, पहिल्या मशीनचे पार्ट घेतले आणि रात्रीच्या एसटीने मांडीवर खोका धरून साताऱ्याला आलो. सेलेरॉन प्रोसेसर होता, सॉकेट ३७०. तेव्हा पिना प्रोसेसरलाच असायच्या. घरी येऊन पाहतो तर कडेच्या तीन वाकलेल्या. यांत्रिक पेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं, तिची पोकळ नळी एकेका पिनेवर बसवली आणि तिन्ही सरळ केल्या. ते मशीन सहा वर्षं चाललं. पुढे कऱ्हाडच्या एका शाळेत चौदा वर्षं संगणकाची लॅब सांभाळली. किती मशीन जोडली ते मोजलेलं नाही, पण दोनशेच्या खाली नसावीत. त्यात माझ्या हातून दोन बोर्ड गेले, दोन्ही २००६ मध्ये. त्यांचे पैसे मी पगारातून भरले, कुणाही दुकानदाराच्या माथी मारले नाहीत. असं लिहिणाऱ्या माणसाला ‘बोंबलतो’ म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

तुमच्या वाक्यात ‘केस’ हा शब्दही आहे. माझा बोर्ड ही केस कशी झाली ते सांगतो. बोर्ड ९ जानेवारीला आला. भाचीच्या इंजिनिअरिंगच्या कामासाठी मशीन बांधायचं होतं. प्रोसेसर दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवला होता, तो १३ तारखेला आला. म्हणजे बोर्ड तपासला तेव्हा सॉकेटमध्ये ठेवायला घरात प्रोसेसरच नव्हता. यावर तुम्ही विचारता, ‘प्रोसेसर नव्हता तर टोपी काढलीच कशाला?’ कारण विक्रेत्याच्या पानावर बदलून देण्याची मुदत सात दिवस लिहिली होती. प्रोसेसरची वाट पाहत मुदत संपू दिली असती, तर आज तुम्हीच लिहिलं असतंत की वेळेत तपासलं का नाही. ती काळी प्लास्टिकची टोपी काढली, मोबाइलचा उजेड तिरका धरला. सगळ्या पिना सारख्या असल्या की त्यांची चमक एका ओळीत पडते. एका ठिकाणी ती ओळ तुटत होती. दोन पिना, एक डावीकडे आणि एक उजवीकडे झुकलेली. बोटही न लावता टोपी परत बसवली, फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली.

प्रोसेसर हातातून कोपऱ्यावर पडला तर शेजारशेजारच्या पाच-सात पिना एकाच दिशेला लोळतात. कपड्याचा धागा किंवा बोट अडकलं तरी ओढ एकाच दिशेची दिसते. तुम्ही खरंच काउंटरवर बसत असाल तर हे तुम्हाला माहीत असणार. फोटो लेखात लावलेले होते. तुम्ही त्या फोटोंबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, माझ्या वयाबद्दल मात्र लिहिलंत.

आणि माझी तक्रार नेमकी याच सवयीबद्दल होती. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणला आणि पिना प्रोसेसरवरून बोर्डावर गेल्या. एएमडीने तेच २०२२ मध्ये एएम५ आणताना केलं. त्यामुळे पिनेच्या नुकसानीचा भार बोर्डवाल्यांवर आला. आज बोर्ड सर्व्हिस सेंटरला गेला की पहिली नजर सॉकेटवर जाते आणि एक पिन तिरकी दिसली की शिक्का बसतो: सीआयडी, म्हणजे ग्राहकाने केलेलं नुकसान. तो शिक्का बसला की विक्रेता सुटला, डिस्ट्रिब्यूटर सुटला, कंपनीही सुटली. या साखळीत माझ्याकडेच फॉर्म भरायला जागा नसते, म्हणून नुकसान माझ्यावर येतं. माझा बोर्ड विक्रेत्याने स्वतः पाहिलाच नाही. तक्रारीला सहाव्या दिवशी उत्तर आलं, ‘कंपनीच्या सेंटरला पाठवा’. पुण्याला पाठवायचे कुरिअरचे ६४० रुपये मी भरले. साडेतीन आठवड्यांनी तो शिक्का घेऊन बोर्ड परत आला. पुढचे दिवस ‘आमची टीम संपर्क करेल’ या एका वाक्यावर गेले.

तुमचं ‘नव्व्याण्णव’ म्हणजे तोच शिक्का आहे, फक्त तुम्ही तो प्रतिक्रियेत मारलात. बोर्ड हातात घेण्याआधी, फोटो पाहण्याआधी. समोरचा माणूस खोटं बोलतो हे आधी ठरवून काउंटरवर बसणाऱ्याला मी सेवा म्हणणार नाही, मग तो १६,८०० ला विको की १९,९०० ला. आणि सेवा स्वस्तात मागितली असं तुम्ही म्हणता, तर २०२० चे ई-कॉमर्सचे नियम काढून बघा. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. त्यात कमी किमतीला विकलं तर सूट, असं कुठेही लिहिलेलं नाही. सहा दिवस आणि बावन्न दिवस हे त्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ही मेहेरबानी मी मागत नव्हतो.

किमतीचं बाकी तुम्ही जे लिहिलंत त्यात फारसं काही नाही. खोक्यावरची एमआरपी ३०,९९९ होती आणि पानावर ४५ टक्क्यांहून जास्त सूट लिहिली होती. त्या एमआरपीला तो बोर्ड कुणी घेत नाही हे आपण दोघेही जाणतो, त्यामुळे ‘एवढी सूट घेतलीत’ हा मुद्दा राहू द्या. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या मेमरीच्या, भावाचा दोष मी त्या लेखात दुकानदारांना दिलाच नव्हता. मेमरी महागली ती जगभर, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल या ब्रँडचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी लिहिलं होतं ते माझी ऑर्डर ‘स्टॉक नाही’ म्हणून रद्द करून दुसऱ्या दिवशी तीच रॅम चढ्या भावाने लावण्याबद्दल. ते वाक्य पुन्हा वाचा. व्हिडिओ काढला नाही, खरं आहे. अटी शेवटपर्यंत वाचल्या नाहीत, तेही असेल. त्याने पिना वाकत नाहीत.

१९९९ मधल्या गोष्टी सांगतो असं वाटत असेल तर अलीकडची सांगतो. लॅबसाठी २०१३ मध्ये आणलेल्या आठ बोर्डांपैकी एकाची पिन वाकलेली निघाली. पुण्याच्या दुकानदाराने भिंग लावून पाच मिनिटं सॉकेट पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि आतून दुसरा खोका आणून दिला. बिल त्याने पक्कंच दिलं होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याच्याकडून पुढे चाळीसेक मशीनचा माल घेतला.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवतो आहे. ९ जानेवारीचे सहाही फोटो, वेळेसकट, मूळ आकारात लेखाखाली जोडले आहेत. ते मोठे करून बघा आणि डावीकडची पिन व उजवीकडची पिन एकाच हाताने, एकाच वेळी, प्रोसेसरशिवाय कशी वाकली ते मला लिहा. ते नव्व्याण्णव कुठे मोजलेत, तेही सोबत लिहा.