जावाचे पार्ट मिळतात हो!

‘सुटे भाग मिळत नाहीत म्हणून जावा-येझदीचा नाद लोक अर्ध्यावर सोडतात’ हे जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला खरा, पण पिस्टन, रिंगा, केबल, रबरं सगळं आजही नवं बनवून विकतात. कधीकधी कानस मारल्याशिवाय बसत नाही, ती गोष्ट वेगळी.

खरी बोंब आहे क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याची. ती तुकडे एकमेकांत दाबून जोडलेली असते. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड बदलायचा तर प्रेसवर खोलायची, परत जोडायची आणि दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. वडिलांची १९६८ची जावा एका गॅरेजवाल्याने तीनदा खोलली. दर वेळी नव्या रिंगा, आणि दर वेळी दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर! शेवटी एका सत्तरीच्या मिस्त्रींनी प्लग काढून नुसता हुंगला. म्हणाले, "अहो, ही गिअरबॉक्सचं ऑइल पितेय." ते ऑइल इंजिनात शिरू न देणारा, क्लचच्या बाजूचा क्रँकचा सील गेला होता, चहा-वड्याच्या पैशांत येणारा! मग क्रँक किती वाकडी फिरते ते दाखवणाऱ्या डायलच्या काट्यावर नजर ठेवून तांब्याच्या हातोडीने टकटक करत त्यांनी अख्खी दुपार क्रँक सरळ करण्यात घालवली. आता त्यांनी काम थांबवलंय आणि मुलाचं मोबाइलचं दुकान आहे.

लेखकाच्या ओळखीत एवढे संग्राहक आहेत, तर क्रँकचं हे काम आता कोण करून देतं तेवढं विचारून लिहा. माझी येझदी पावसाळ्यापासून खोलून पडलीये.