तडा दिसला की पाया खणा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मावशीचा रात्री फोन आला, सोमवारी मजूर येतायत, मागच्या भिंतीचा पाया या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरून काँक्रीट ओतायचंय. कारण तो फिरणारा मेसेज: तिरका तडा म्हणजे सिमेंट कमी, खाली कडक लागलं की जमीन पक्की, आणि तडा दिसला की लगेच पायाच्या कडेने खणून काँक्रीट भरा. डोकंच सणकलं माझं.

आधी खणण्याचं बोलते, यात माणसं दबून मरतात. पायाखालच्या मातीला कडेची माती दाबून धरत असते, ती एकदम काढली की खालची माती खड्ड्यात सरकते आणि मागोमाग भिंत. पायाखाली नवीन काँक्रीट घालतात, नाही असं नाही, पण आधी भिंतीला टेकू देऊन, एका वेळी मीटरभराचा तुकडा, तोही एकाआड एक, आणि आधीचा भरून घट्ट झाल्याशिवाय शेजारचा उघडायचाच नाही.

आता "कडक लागलं की पक्की". कॅनडातल्या ट्रान्सकोनाचं धान्याचं कोठार बघा, 1913 चं. पायाच्या पातळीला मातीवर छोटी प्लेट ठेवून, तिच्यावर वजन टाकून टेस्ट केली होती, तरी धान्य भरत आणल्यावर ऑक्टोबरमध्ये एका दिवसात ते जवळपास 27 अंश कललं. बोअर घेऊन नीट उलगडा झाला तो सुमारे 40 वर्षांनी, वरच्या कडक चिकणमातीखाली मऊ थर होता. छोट्या प्लेटचा दाब वरच्याच थरात जिरतो, रुंद इमारतीचा खूप खोल जातो. आणि सिमेंट? तेच कोठार सरळ करून परत वापरलं की, म्हणजे बांधकाम भक्कमच होतं, खचली ती खालची माती!

बरं, खराब बांधकामानेही तडे जातात, ते मान्य. पण वर रुंद, खाली बारीक असा तिरका तडा बऱ्याचदा सांगतो की भिंतीचं टोक खचतंय. मग गळका पाइप, जवळचं मोठं झाड, कच्चा भराव, ओलीने फुगून उन्हात आकसणारी काळी माती, हे आधी बघायला नको?

मावशी, मजुरांना सोमवारी येऊ नका म्हणून सांग. तडा बुजवू नकोस, त्याच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाक, दोन्हीकडे एकेक टिंब काढून मधलं अंतर दर आठवड्याला लिहून ठेव. तडा भराभर वाढला किंवा दारं अडकायला लागली तर त्या खोलीत झोपू नका, इंजिनिअरला मी घेऊन येते.