स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे टीबी, असं नसतं

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: पोटाचा टीबी पेट स्कॅनमध्ये नक्की कळतो, चमकलं तर टीबी, नाही तर नाही, मग दुर्बीण, बायोप्सी कशाला, सरळ गोळ्या सुरू करा. हा स्कॅन जिथे होतो, त्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी काम करतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी नावाचा घोळ. हे 'पेट' म्हणजे हिंदीतलं पोट नव्हे. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीची ती आद्याक्षरं. स्कॅन साधारण डोक्यापासून मांड्यांपर्यंत होतो.

'चमकलं तर टीबी' ही खरी घातक चूक. आम्ही शिरेतून टोचतो ती एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर. टोचल्यावर पेशंटला तासभर मंद उजेडात निवांत पडून राहायला सांगतो, बोलूही देत नाही, कारण वापरात असलेले स्नायू ती साखर ओढून घेतात. या साखरेला टीबीचा जंतू ओळखता येत नाही. जिथल्या पेशी भुकेल्या, तिथे ती साठते आणि ती जागा स्कॅनमध्ये चमकते. टीबीच्या गाठीतल्या दाहाच्या पेशी भुकेल्या असतात, तशाच लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), आतड्याच्या कॅन्सरच्या आणि क्रोन्सच्या (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) जखमेतल्याही. लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा टीबी आणि क्रोन्स दोघांचीही आवडती. पडद्यावर डाग सारखाच दिसतो. टीबीला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. लिम्फोमाला टीबी समजून गोळ्या दिल्या तर मोलाचे महिने वाया जातात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर निरोगी आतडंही उजळतं.

'नाही चमकलं तर नाही' हेही चूक. बारीक जखम निसटते, किंवा आतड्याच्या नेहमीच्या उजेडात झाकली जाते.

राहिली बायोप्सी, म्हणजे संशयित जागेचा बारीक तुकडा काढून तपासणं. तुकड्यात ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा पुंजका) दिसतो, त्यातला जंतू वाढवून पाहायला कल्चर लावता येतं, सीबीनॅट या जनुकीय तपासणीत जंतू सापडला तर टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही कळतं. स्कॅन यातलं काहीच सांगत नाही. पोटात पाणी असेल तर ते सुईने काढून त्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) तपासतात. पोटाच्या टीबीत जंतू कमी असल्याने हे रिपोर्ट पुष्कळदा निगेटिव्ह येतात, हे खरं. तेव्हा डॉक्टर सगळं जुळवून उपचार ठरवतात. पण तपासायचंच नाही, हा त्याचा अर्थ नव्हे.

स्कॅनचा खरा उपयोग तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवायला होतो. पोटदुखीच्या पेशंटच्या मानेत, कुणाच्या हाताला न लागलेली गाठ कधी कधी चमकते. मग पोटात न शिरता, मानेतूनच सुईने नमुना घेता येतो.